पुसून न जाणारा रंग

माझं माहेर राळेगावकडचं अन् सासर बोरी अरबचं, अन् दोन्हीकडच्यायनं माझ्यात एकच खोट काढली, का ही बाई नटत नाही. नटू कायले? आमची आटाचक्की आहे. सकाळी तोंड धुतलं का तासाभरात पिठानं पांढरं होते, मंग पावडर कोण लावते? लग्नातली पावडरची डबी माझ्या पोरायनं संपवली, थे बी कॅरम खेळाले.

तर काय सांगू तुमाले, एका उन्हाळ्यात माझ्या पापण्या जांभळ्या झाल्या. दोन्हीच्या दोन्ही. जांभळासारख्या गडद नाही, खोटं कायले सांगू, वांग्याच्या फुलासारख्या फिकट. पण पिठानं पांढऱ्या तोंडावर जांभळे डोये, मी चक्कीच्या दारात उभी राह्यली का दंडारीतलं सोंगच. अन् त्याच दिवसात माझ्यानं दळणाचा डबा उचलणं होईना. आधी वीस किलोचा डबा उचलून वरून ओतत होती मी, आता दहाचा बी हलेना. मी म्हणलं वय झालं. गिऱ्हाइकं म्हणत, वहिनी आता डोये रंगवते अन् डबे आमाले उचलाले लावते.

आमची बुढी, म्हणजे सासू, तोंडावर आत्याबाई अन् मागून बुढी, थे तर हात धुऊन मागं लागली. वच्छे, पन्नाशीत काहून रंग लावून राह्यली वं? मी म्हणलं आत्याबाई, नाही लावला. मंग काय पेरला होता, उगवला? अन् रंग लावाले हात वर जातात, वेणी घालाले जात नाहीत? ते बी खरंच होतं, माझे हात डोक्यापर्यंत जात नव्हते, वेणी तीच घालून देत होती, ओढून ओढून.

अन् आमचे हे. चक्कीच्या आवाजात याईची जिंदगी गेली, बोलायची सवयच नाही. एक दिवस दारव्ह्याहून आले अन् गुपचूप पिठाच्या डब्यामागं पुडी ठेवली. उघडली तं लिपस्टिक. जांभळी! म्हणे, डोयाले मॅच होईन. मी आधी लाजली, मंग चिडली, मंग रडली, कारण माझ्यावर नवऱ्याचा बी भरोसा नव्हता. पण फेकली नाही बरं का, पेटीत ठेवली.

मंग घाटंजीले नणंदेच्या पोरीचं साक्षगंध झालं. गेल्या गेल्या नणंद म्हणे, वहिनी, कोणत्या कंपनीचा रंग आहे, मले बी आणून देजा. झालं, बुढीचं डोकं फिरलं. म्हणे आज सगळ्यायच्या समोर धुते, एकदाचा निकाल लागू दे. मले नळावर बसवलं, साबण लावला, अन् पदराचं टोक ओलं करून घासलं, कणीक मळावं तसं घासलं. बाया गोल करून उभ्या, नवरदेवाची माय बी आली पाहाले. धूळ गेली, साबण गेला, अन् रंग आणखीच उठून दिसाले लागला. बुढी पदर पाहे, मले पाहे, पुन्हा पदर पाहे. पदर कोराच. मंग हळू आवाजात म्हणे, निघत नाही वं हा. ऊठ. तं माझ्यानं उठवेना. दोघीयनं काखेत हात घालून मले उभी केली.

बुढी सगळ्यायच्या देखत म्हणे, मी सुनेवर खोटा आळ घेतला, हा रंग कुठून आला थे कळेपर्यंत मी जेवणार नाही. अन् जेवली. दोन वाट्या खीर खाल्ली, मी मोजल्या. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मले यवतमाळले घेऊन गेली.

चामडीची डॉक्टरीन माझ्या पोरीच्या वयाची. तिनं पापण्या पाह्यल्या, बोटाच्या सांध्यावरचे लाल चट्टे पाह्यले, मले वाटे थे मिरच्या दळून झाले. मंग तिनं हात वर कराले लावले, न टेकता उठाले लावलं. अन् म्हणे, पोटाची सोनोग्राफी करा. बुढी म्हणे, बाई, डोये वर आहेत, पोट खाली आहे, मधात तुमाले काहीच नाही सापडलं? डॉक्टरीन हसली, मंग समजावून म्हणे, आजी, असे चट्टे आले अन् हातापायातली ताकद गेली म्हणजे दरवेळी आत कॅन्सर असतोच असं नाही, पण काहींना असतो, अन् पोट दुखायच्या आधी चामडी सांगते. म्हणून शोधावं लागतं.

शोधलं, अन् होती गाठ. अंडाशयावर, लिंबाएवढी, ना दुखे ना खुपे. नागपूरले ऑपरेशन ठरलं. पसरली का नाही थे पोट उघडल्यावरच कळन म्हणाले. मले आत नेलं तवा हे जिन्यात बसून राह्यलते अन् बुढी हात जोडून वंदना म्हणून राह्यलती, मधात नर्सले विचारे, झालं का वं? पसरली नव्हती. मंग औषधाच्या सलाईन लागल्या, केस गेले. बुढी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणे, चला, वेणीचं काम वाचलं. अन् तोंड फिरवून रडली.

आता तीन वर्षं झाली. केस आले, पापण्या जशाच्या तशा झाल्या, डबा पंधरा किलोचा उचलते, वीसचा नाही, उगाच कायले फुगवून सांगू. रोज सकाळी चहाच्या आधी बुढी मले दारातल्या उजेडात उभी करते अन् पापण्या पाहाते, मोतीबिंदूवाली, तिले दिसते तरी किती.

परवा नागपूरच्या तपासणीत सगळं साफ निघालं. मी घरी आली, पेटी उघडली अन् ती लिपस्टिक लावली. हे चक्की चालू ठेवून पाहातच राह्यले, दळण जळालं का काय असा वास सुटला. तेवढ्यात बुढी आली. पदराचं टोक ओलं केलं अन् माझे ओठ खसाखसा पुसले. पदर जांभळा झाला. तिनं थो उजेडात धरला, याईले दाखवला, दळणाले आलेल्या बायाले दाखवला, म्हणे पाहा वं, निघते! हा निघते!

मंग माझ्याकडं पाहून म्हणे, लाव पुन्हा. लावत जाय वच्छे, शंभर वर्षं लावत जाय.