हातभर उंचावरून

राजवाड्याकडे जाणाऱ्या बसमध्ये विनुतानं पुस्तक उघडलं होतं खरं, पण तिचे कान मागच्या बाकावरच्या दोघी मावशींकडे होते.

“लेकाच्या नव्या कंपनीचा फ्रेंच साहेब जेवायला आला, कमलाक्षी. बारा वर्षं जुनी लाल वाईन घेऊन. मी घोट घेतला, तर नुसती तुरट.”

“तू प्यायलीस?”

“ऐक की. कॉफी करतो तशी टंबलरातून डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, चारदा ओतली, हातभर उंचावरून. सून कुजबुजली, ‘अत्ते, यांची नोकरी घालवाल.’”

“मग?”

“पुन्हा चाखली, तर पिकल्या जांभळासारखी. साहेबानं घोट घेऊन डोळेच मिटले. म्हणाला, हिला वारा हवाच होता.”

“आणि सून?”

“पुढचा पेला ओतायला स्वतःच डबरा धरून उभी. म्हटलं, हात आणखी वर ने.”

विनुताचा थांबा केव्हाच मागे पडला होता.