अकरा अंडी आणि गार दिवा

विजेतलं जेवढं मला कळतं तेवढं या गल्लीत कुणाला कळत नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. चाळीस वर्षं काढलीत मी वीज कचेरीत... म्हणजे कचेरीच्या दारात, सायकली सांभाळायला. पण वायरमन म्हणा, साहेब म्हणा, सगळे सायकल लावता लावता माझ्यापाशी बोलायचे, आणि माणसाच्या कानाला काही झाकण नसतं. शिवाय सातवीत विजेचा धडा झाला होता. अर्धा. मास्तरांनी खिळ्याला तार गुंडाळली, तारेला सेल लावला, खिळ्यानं टाचण्या उचलल्या. ते बघून मी दुसऱ्या दिवशी तसाच खिळा त्यांच्या हजेरीपटाखाली धरला, आणि हजेरीपटावर टाचण्या चालायला लागल्या. मास्तर म्हणाले, उरलेला धडा बाहेर उभा राहून ऐक. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. म्हणून विजेनं लोहचुंबक होतं तो अर्धा मला पक्का येतो, आणि विजेनं तार तापते तो अर्धा राहिला. आता जे रामायण सांगतोय ते सगळं त्या राहिलेल्या अर्ध्याचं.

तर आमच्या हिची एक तांबडी कोंबडी होती. होती म्हणजे, गेली. कुत्र्यानं नेली भरदिवसा. हिनं दोन दिवस खुराड्याचं दार उघडंच ठेवलं. मागं राहिली अकरा अंडी. त्या तांबडीचा वंश तेवढाच, पुढे नाही, मागे नाही. मग हिचा भाऊ, म्हणजे आमचा मेव्हणा, जो खरोखरचा वायरमन आहे आणि ते दर वाक्याला आठवण करून देतो, त्यानं एक पेटी बनवून दिली. आत एक जुना काचेचा बल्ब, तारवाला, पिवळा. एक थर्मामीटर. पाण्याची वाटी. आणि कडेला एक काळं डबडं, त्यात तारेचं वेटोळं. पेटी गार पडली की वेटोळ्यातून वीज जाते, वेटोळं लोहचुंबक बनतं, लोखंडी पट्टी ओढतं, टक्! सर्किट पूर्ण, बल्ब लागतो. पुरेशी ऊब झाली की वेटोळ्याची वीज तुटते, चुंबकाचं वेड उतरतं, पट्टी सुटते, टक्! बल्ब विझतो. हे सगळं मी मेव्हण्याला आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, वा दाजी, आणि वायर माझ्या हातातून काढून घेतली.

एकवीस दिवसांत पिल्लं येतात. पंधराव्या दिवशी हिच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ही पिशवी घेऊन दारात उभी राहिली, वहाणा घातल्या, आणि म्हणाली, वाटीत पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका. परत आत आली, पेटीकडे बघितलं, परत म्हणाली, हात लावू नका.

आता मला सांगा, दोनदा सांगितल्यावर माणसाला काय वाटतं? हात लावण्यासारखं काहीतरी आहे, असंच वाटतं ना? बारा वाजता मी आत डोकावलो. काय तो उजेड, सुतकी! बिचारी तांबडीची पोरं डोळे उघडतील ती या असल्या मिणमिणत्या खोलीत? आमच्या कपाटात एक नवा कोरा एलईडी पडला होता. मी म्हटलं, बदलून टाकू. हात लावू नका ती अंड्यांना म्हणाली असणार, बल्बला थोडीच. आधी पेटीचं बटण बंद केलं, एवढं मला कळतं. बल्बला हात लावला आणि चटका बसला, हात झटकला, बल्ब फरशीवर, चूर. त्या क्षणी कळायला हवं होतं की नाही, की बाबा रे, ज्या बल्बनं तुझी बोटं भाजली त्याचं कामच ते आहे? पण तो अर्धा मी बाहेर उभा होतो ना.

नवा दिवा लावला. दिवसासारखा पांढरा लख्ख. अंडी अशी दिसायला लागली जणू फोटो काढायला बसलीत. मी खूश. खुर्ची ओढून पेपर वाचायला बसलो पेटीशेजारी, तिच्याच उजेडात. अर्ध्या तासानं वाटलं, काहीतरी चुकतंय. शांत आहे फार. मग लक्षात आलं, टक् थांबलंय. दिवा चालू तो चालूच. थर्मामीटर बघितलं, साडेसदतीसवरून तेहतीसवर. त्याला टिचकी मारली. एकतीस. अजून एक मारली, तर त्याची भीडच चेपली, तीस. आत हात घातला. दिव्याला बोट लावलं... गार! एवढा ढीगभर उजेड आणि उबेच्या नावानं ठणठणाट. अंड्याला हात लावला तर ते माझ्या नाकाइतकं गार. अंडी काय, बाजारात ढिगानं मिळतात. तांबडीची नाही मिळत.

धावलो. पहिल्या दुकानात म्हटलं, जुना तारवाला बल्ब द्या. तो म्हणतो, काका, आता कोण ठेवतं? हा घ्या, नऊ वॉटचा, दिवसभर लावा, अजिबात तापत नाही. म्हटलं, मला तापणारा पाहिजे. तो म्हणतो, त्यात वीज फुकट जाते हो, सगळी उष्णतेत. म्हटलं, तीच द्या मला, फुकट जाणारी! त्यानं आतल्या माणसाला हळूच खुणावलं. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, तापणारा ना? फोन आला होता.

घरी आलो. अठ्ठावीस. आता काय करणार? इस्त्री ठेवावी तर अंडी उकडतील. मग मला सुचलं की ऊब देणारी एक वस्तू घरात आहे, ती बावन्न किलोची आहे आणि रिकामीच असते. कानटोपी घेतली, तिच्यात सहा अंडी, मफलरमध्ये पाच, सदऱ्याच्या आत दोन्ही कुशीत घेतली, वरून रजई, आणि पलंगावर भिंतीला टेकून बसलो. भरदुपारी. हलायचं नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर गिळायची. त्या तांबडीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आणि फोन वाजला. हीच.

म्हणाली, पाणी घातलं? म्हटलं, घातलं. म्हणाली, हात लावला नाहीत ना? म्हटलं, छे. खोटं नव्हतं पूर्ण, हात नव्हताच लावलेला, बगल लावली होती. म्हणाली, जरा फोन पेटीजवळ धरा, मला टक् ऐकू दे.

मी काय केलं असेल? फोन तोंडाजवळ धरला आणि जीभ टाळूला लावून केलं, टक्. थोडं थांबून परत, टक्. एकदम हुबेहूब जमलं हो, मेव्हण्याचं डबडं लाजेल असं! मग मला कलाकारी चढली, मी अजून एक केलं. मग ही म्हणाली, मिनिटात तीनदा? दर दहा मिनिटांनी एकदा होतं ते. आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासात मेव्हणा दारात. तिनंच पाठवला होता. हातात फडक्यात गुंडाळलेले दोन जुने बल्ब, त्याच्या पेटाऱ्यातले. पलंगाकडे बघितलं, माझ्या फुगलेल्या सदऱ्याकडे बघितलं, पेटीतल्या लख्ख उजेडाकडे बघितलं. म्हणाला, "दाजी, अंडी काय वाचत बसतात का आत?"

मला हलायची सोय नव्हती. त्यानं बल्ब लावला, पेटी तापू दिली, एकेक अंडं माझ्या कुशीतून असं काढून घेतलं जसं काही मी बाळंतीण आणि तो डॉक्टर. टक्. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. जाताना म्हणाला, जीव राहिलाय का ते एकविसाव्या दिवशी कळेल.

ही दुसऱ्या दिवशी आली. ओरडली असती तर परवडलं असतं. रोज पेटीपाशी बसायची, थर्मामीटर बघायची, आणि माझ्याकडे बघायचीच नाही. एकविसावा दिवस उजाडला, मावळला. काही नाही. अकराच्या अकरा, दगडासारखी. मी जेवलो नाही, आणि हिनं आग्रहही केला नाही.

बाविसाव्या दिवशी दुपारी पेटीत काहीतरी टोचल्याचा आवाज झाला. एका अंड्याला तडा. मग दुसऱ्याला. संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं, ओली, लटपटती, त्यातली चार तर चक्क तांबडी. ही त्यांना एकेक करून फडक्यानं टिपत होती, आणि टिपता टिपता डोळेही पुसत होती, मला दिसू नये असं. आता माझा जीव भांड्यात पडला आणि जीभ सुटली. मी म्हटलं, बघ, आली की नाही? एवढं तोंड पाडायचं काय कारण होतं? एक दिवस उशीर झाला, एवढंच.

तिनं पिल्लू हातातून खाली ठेवलं नाही, मानही वर केली नाही. म्हणाली, "तुम्हाला अक्कल फुटायची वाट मी बेचाळीस वर्षं बघतेय. मी कधी बल्ब बदलला का?"