ताठा

(धंतोलीतल्या एका दवाखान्याबाहेरचा बाक. दुपार. नरखेडकडच्या गावातून आलेली जिजाबाई आणि तिची लग्न झालेली लेक कामिनी.)

जिजाबाई : काही म्हन, त्या दिवशी आत्याबाईच्या पायावर वाकली असतीस, तं हे दिवसच आले नसते.

कामिनी : आई, आत्ता डॉक्टर एवढं समजावून सांगत होते. तू काय ऐकलं?

जिजाबाई : आयकलं नं. मनक्याचा वात हाय म्हने. वात कोनाले नसते? माये गुडघे काय कमी दुखतेत?

कामिनी : तुझे गुडघे वयानं झिजले. माझं तसं नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटून राहिलं, म्हणाले. कमरेखालचे दोन्ही सांधे सुजले, अन् डावा तं जुळत चालला. जो जुळला, तो आता सुटत नाही.

जिजाबाई : औषध तं हाय नं?

कामिनी : पुढं वाढू नये म्हणून आहे. आधी गोळ्या, त्यानं नाही भागलं तं इंजेक्शन. अन् व्यायाम रोजचा, जन्मभर. बरं होत नाही, आवरून धरायचं.

जिजाबाई : जन्मभर... मायबाई! अन् मंग रविवारचं कसं करतं वं?

कामिनी : तुले अजून रविवारचंच पडलं आहे?

जिजाबाई : तं काय करू? तुह्या आत्यासासूनं सावनेरवरून निरोप धाडला. चार मानसांपुढं पाया पड, माफी माग, मंगच घरात पाय ठेव. नाही तं राह्य माहेरी. जवाईबापूबी थेच म्हनते. तुले तुह्यं घर पाह्यजे का नाही?

कामिनी : पाहिजे. अश्विनही पाहिजे. पण सकाळी वाकता येत नाही मले, याले मी काय करू? महालक्ष्मीच्या दुसऱ्या दिवशी आत्या पहाटे निघाल्या. मी नुकतीच उठली होती, पाठीत काठी घातल्यासारखं झालं होतं. उभ्यानंच हात जोडले.

जिजाबाई : अन् आदल्या दुपारी आंगनभर रांगोळी काढली, थे आत्याबाईनं पाह्यलं होतं. काल वाकली, आज काहून नाही? मोडीन पन वाकनार नाही अशी सून हाय, असं बोलली थे साऱ्यांपुढं. खोटं काहून सांगू, मलेबी थोडं तसंच वाटलं.

कामिनी : तेच तं डॉक्टरले सांगितलं, तं ते म्हणाले हीच याची ओळख. पहाटे दुखण्यानं झोपमोड होते, उठल्यावर तासभर अंग धरते, अन् कामाले लागलं की मोकळं होते. मधात डोळा लाल व्हायचा, तोही यातलाच. मी आपली बाम चोळत बसली.

जिजाबाई : म्हनूनच तं मी तुले घरी आनलं. पलंगावरून खाली उतरू देल्लं नाही. तेल, शेक, शिरा, साऱ्या गोष्टी हातात देल्ल्या.

कामिनी : अन् त्याच महिन्यात सगळ्यात जास्त दुखलं. या दुखण्याले आराम चालत नाही, आई.

जिजाबाई : आता माहेरपनबी चुकलं का मायं?

कामिनी : तुले कोण दोष देते? ऐक, घरी गेल्यावर ती जाड उशी काढून टाक. थोडा वेळ पालथं झोपायचं, बसायचं ताठ, चालायचं ताठ. हाडं जुळायचीच असली, तं ताठ जुळू द्या म्हणाले. वाकून जुळली तं पुढं मान वर होत नाही, समोरचं माणूस दिसत नाही... आई? पिशवी काहून आवरून राहिली?

जिजाबाई : काही नाही.

कामिनी : डॉक्टरनं विचारलं, घरात कोणाले पाठीचं होतं का. तू नाही म्हणाली.

जिजाबाई : नोहतंच कोनाले.

कामिनी : अन् बाबा?

जिजाबाई : तुह्ये बाबा बिमार नोहते वं. थे नम्र होते. सारं गाव म्हने, वामनराव कसा भला मानूस, कोनाच्या डोळ्याले डोळा देत नाही. माही सासू तं नव्या सुनांना दाखवे, पाहा, मानूस असा असावा.

कामिनी : त्यांची मान वर होत होती का?

जिजाबाई : ...नाही. उताणं झोपले तं डोक्याखाली तीन उशा लागत. बगीच्यात उभे राहत अन् मले विचारत, जिजा, वरच्या फांदीले संत्री धरली का वं? मले वाटे, लाडानं विचारते हा मानूस. बाप्पा रे! त्याले दिसतच नोहतं.

कामिनी : रडू नको. थांब, अश्विनचा फोन येऊन राहिला. स्पीकरवर टाकते. हां, बोल.

अश्विन : झालं का दवाखान्याचं? ऐक, आत्या रविवारी सकाळीच येऊन राहिल्या. सातची वेळ ठरली.

कामिनी : अश्विन, दुपारी चारची ठेव नं. तेव्हा वाकता येते मले.

अश्विन : मतलब? पाया पडायलेही आता टाइमटेबल का?

कामिनी : सकाळी मणका धरते. आजाराचं नाव सापडलं, फोटोत दिसते सगळं. रिपोर्ट पाठवते तुले.

अश्विन : यार, तो रिपोर्ट कोणाले दाखवू नको. घरात म्हणतील, जन्माची बिमारी लपवून लग्न लावलं. चुपचाप ये, वाक, विषय खतम.

कामिनी : म्हणजे ताठा असला तं माफी आहे, बिमारी असली तं नाही?

अश्विन : मी असं म्हटलं का? जाऊ दे. आई बाजूले आहेत नं? आई, तुम्ही सांगा तिले. संसारात थोडं वाकावं लागते.

जिजाबाई : जवाईबापू, वाकलेला मानूस म्या जिंदगीभर पाह्यला हाय. पोरगी येनार नाही रविवारी.

अश्विन : विचार करून बोला. मग मले घरच्यांना काही सांगता येणार नाही.

जिजाबाई : एवढंच सांगा, डॉक्टरनं तिले ताठ राह्याले सांगतलं. आत्याबाईलेबी सांगा.

कामिनी : ठेवला त्यानं.

जिजाबाई : म्या मोडलं का वं तुह्यं घर?

कामिनी : माहीत नाही आई. खरंच माहीत नाही.

जिजाबाई : चाल, आत जाऊ. डॉक्टरले तुह्या बाबाचं सांगून येऊ. आयुषबी सकाळी कमर धरूनच उठते. तुह्या भावालेबी दाखवा लागन.

कामिनी : हो. हात दे, एका जागी बसून पाठ धरली. ...आई, बाबा संत्रीचं विचारत, तेव्हा तू काय सांगायची?

जिजाबाई : धरली म्हनत होती. ज्या साली बहरच फुटला नाही, त्या सालीबी धरली म्हनलं.

कामिनी : मले खरं सांगत जा.