सोबतीला बसणारा

बोलू नका मास्तर, जबडा तारेनं बांधलाय तुमचा — टाके उसवले की पुन्हा मलाच बोल. मी बोलतो, तुम्ही ऐका. उद्या डॉक्टरीणबाई विचारतील, कुणी मारलं? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत की माझी नोकरी गेली, वर हातात बेड्या. म्हणून नीट आठवा. उदासी जावी म्हणून इथे दवाखान्यात तुम्हाला नशेच्या अळंबीची गोळी दिली होती — तुम्हीच सही केली होती ना? ती गोळी काय करते, मला पाठ आहे, गोळी उतरेपर्यंत अकरा जणांच्या सोबतीला बसलोय मी. मेंदूत म्हणे एक कारकून असतो, आलेलं सगळं तपासतो — हे आत, ते बाहेर. गोळीनं तो डुलक्या काढायला लागतो, मग जुनं-नवं, मेलेलं-जितं सगळं एकदम आत घुसतं. तुम्हाला मारणारा दिसला, तो मी नव्हे, तुमचे वडील! ते जाऊन वीस वर्षं झाली ना? मग, भासच तो. आणि जबडा? तो पलंगाच्या कडेवर आपटला.

मी नियम पाळला — डोळ्यांवर पट्टी तुमच्या, खांद्यावर तळहात माझा, सकाळी सराव केला होता तस्सा. तुम्हीच पट्टी ओढून किंचाळत उठलात, माझा गळा धरलात, हे बघा वळ. मी मनात ठेवलं नाही. ठेवलं असतं तर एका गुद्द्यात काम झालं असतं, चार कशाला लागले असते — म्हणजे, खुणा चार आहेत, म्हणून म्हणालो. आणि गळा तर तुम्ही लगेच सोडलात. कोपऱ्यात सरकलात, हात डोक्यावर घेतलेत, म्हणालात, ‘बाबा, नका मारू.’ कशाला म्हणालात तसं? तोवर बोट तरी लावलं होतं का कुणी? माझा पोरगा अस्साच म्हणायचा — अस्साच, गुडघे पोटाशी घेऊन — आणि तो तसं म्हणाला की मला आणखी चेव यायचा, हात थांबायचाच नाही. सोळाव्या वर्षी घर सोडून गेला, नऊ वर्षांत तोंड दिसलं नाही त्याचं. परवा भरदुपारी तुमच्या पलंगावर तोच बसला होता! गोळी तुम्ही घेतलीत मास्तर, मी नुसता चहा प्यालो होतो — मग मला तो का दिसला?

असो. भास होता का, असं बाई विचारतील, तुम्ही नुसती मान हलवायची. आत्ता हलवून दाखवा. हे काय? हात खाली घ्या. मी काही करत नाहीये — डोक्यावरचे हात खाली घे म्हणतो ना!