बाहेरच्या बाकावरचा लाभार्थी

(फिनलंडच्या उत्तरेकडचं हेइनालाम्पी गाव. तळ्याकाठच्या सार्वजनिक सॉनाची, म्हणजे लाकडी बाष्पस्नानगृहाची, कपडे बदलायची खोली. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची दुपार. आतल्या दाराआड वाफ आहे आणि वाफेत बसलेले पुरुष आहेत. ते बोलत नाहीत.)

लिंडरोस : नको म्हणजे नको. आपण कृपा करून तो पेला माझ्यासमोरून दूर न्यावा.

हिल्का : अहो, कॉफी आहे. विष नव्हे.

लिंडरोस : विष असतं तर हरकत नव्हती. विषाविषयी नियमावलीने मौन धारण केलं आहे. आतिथ्याविषयी मात्र ती अत्यंत सुस्पष्ट आहे. अनुदानाच्या मूल्यमापकाने अर्जदाराकडून अन्न, पेय, ऊब अथवा अन्य कोणतंही सौख्य स्वीकारू नये.

ताऊनो : आणि वेलचीचा पाव? तो माझ्या बायकोने भाजलाय. ती अर्जदार नाही. ती तर या सॉनाच्या विरोधातच आहे.

लिंडरोस : पत्नी ही निकटवर्तीय व्यक्ती ठरते.

ताऊनो : हे तू तिला येऊन सांग. चाळीस वर्षं मी सांगतोय, तिला पटत नाही.

हिल्का : बरं, कॉफी राहू द्या. कोट तरी काढा. हेलसिंकीहून रात्रभर गाडीत अवघडून आलात. ती बघा, खुंटी मोकळी आहे.

लिंडरोस : खुंटी अर्जदाराची आहे.

ताऊनो : आणि बूड टेकलंयस तो बाक कुणाचा?

लिंडरोस : बाकाविषयी मी कार्यालयाकडे लेखी विचारणा केली होती. उभं राहून मूल्यमापन करणं अशक्य झाल्यास बसण्यास प्रत्यवाय नाही, असं उत्तर आलं. आता प्रारंभ करू या. नोंदीसाठी म्हणतो : उपस्थित, गावच्या परिचारिका श्रीमती हिल्का राउतियाइनेन, आणि सॉना मंडळाचे अध्यक्ष श्री. ताऊनो पोल्लानेन. प्रस्तावाचं नाव, 'उष्णताधिष्ठित पुरुषसंवादातून हृदयविकार-प्रतिबंध'.

ताऊनो : हे नाव कुणी ठेवलं?

हिल्का : मीच. नुसतं 'गुरुवारचा सॉना' असं लिहिलं होतं, तर अर्ज परत आला. म्हणाले, यात नावीन्य नाही.

लिंडरोस : नावीन्य नव्हतंच. सॉना ही वस्तू आपल्या देशात पूर्वापार आहे. अनुदान नूतन उपक्रमांनाच देता येतं. आता निदान नाव तरी नूतन आहे. पहिला निकष, पात्रता. तीन परस्परस्वतंत्र संस्थांनी एकत्र येऊन अर्ज करावा, अशी अट आहे. आपल्या तीन संस्था : सॉना मंडळ, चर्चचं मदत मंडळ आणि एल्क हरणांच्या शिकारीचं मंडळ. तिन्हींच्या अध्यक्षांच्या सह्या आहेत. त्या तिन्ही सह्या मला एकाच हस्ताक्षरात दिसतात.

ताऊनो : माझ्याच आहेत.

लिंडरोस : तिन्ही?

ताऊनो : गावात अध्यक्ष व्हायला दुसरं कुणी तयार होत नाही, त्याला मी काय करू? पण स्वतंत्रपणे केल्यात हां. एक सकाळी केली, एक जेवणानंतर. शिकारवाली करताना तर मला चर्चवाल्याचा रागच आला होता.

लिंडरोस : राग हा स्वातंत्र्याचा अल्पसा पुरावा मानता येईल. पुढे. कार्यपद्धती.

हिल्का : पद्धत साधी आहे. पुरुष स्वतःचं दुखणं सांगत नाही. दुसऱ्याचं मात्र सांगतो, आणि चवीने सांगतो. आत सगळे उघडेबंब शेजारी शेजारी बसतात. कुणाच्या पायाला सूज आहे, कोण नुसता बसल्या बसल्या धापा टाकतोय, ते दिसतंच. बाहेर आले की चहाड्या सुरू. मी इथं रक्तदाबाचं यंत्र मांडून बसलेली असते.

ताऊनो : नियम एकच. बाकावर शेजारी बसलेल्याचं दुखणं हिल्काला सांगायचं. लपवलंस तर पुढच्या गुरुवारची लाकडं तू फोडायची.

लिंडरोस : आणि संमतीपत्र?

ताऊनो : नागडा माणूस कागद कुठं ठेवणार?

लिंडरोस : याची नोंद मी 'संमती मौखिक' अशी करतो. परंतु मौखिक म्हणावं, तर आतून शब्दही ऐकू येत नाही. हा संवाद कुठं आहे?

हिल्का : आत्ताच तर वाफेवर बसलेत. थोडं तापू द्या.

ताऊनो : आर्मास तर कधीच बोलत नाही. बायको गेल्यापासून गप्प. पण माझ्या छातीचं त्यानेच सांगितलं. बाहेर येऊन उभा राहिला, माझ्याकडे बोट केलं आणि हिल्काला म्हणाला, 'याला बघ.' त्यानंतर आजतागायत बोललेला नाही.

लिंडरोस : दोन शब्द. म्हणजे संवादवृद्धीचा निर्देशांक अतिशय मंद आहे.

ताऊनो : पण मी जिवंत आहे.

लिंडरोस : आपण निर्देशांकात नाही.

हिल्का : असं करा ना साहेब, दार उघडून एकदा आत बसा. टॉवेल देते. इथं बाहेर बसून काय कळणार तुम्हाला?

ताऊनो : टॉवेल नाही द्यायचा. टॉवेल ज्याचा त्याने आणायचा.

लिंडरोस : त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आत पाऊल ठेवलं, वाफ अंगाला लागली, की मी लाभार्थी झालो. लाभार्थ्याला मूल्यमापन करता येत नाही. तत्क्षणी माझे सारे गुण रद्दबातल होतील आणि आपला अर्ज मूल्यमापनाविना बाद होईल. आज चार वाजता मुदत संपते. दुसरा मूल्यमापक आता येऊ शकत नाही. म्हणून आपल्याच हितासाठी मी गारठत बसलो आहे, हे ध्यानात घ्यावं.

हिल्का : ध्यानात आहे हो. पैसे आले नाहीत तर एप्रिलात माझी नेमणूक संपते. मग इथून जवळचं आरोग्यकेंद्र दीड तासावर. रस्त्यावर बर्फ नसलं तर.

लिंडरोस : म्हणूनच आता सर्वांत कठीण निकषाकडे वळू. गरज. 'या परिसरातले पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत' असं आपण विधान केलं आहे. पुरावा?

हिल्का : ते येत नाहीत, हाच पुरावा.

लिंडरोस : जे आले नाहीत, त्यांची नोंद आहे?

हिल्का : आलेच नाहीत तर नोंद कशी होणार?

लिंडरोस : नोंद नाही. आणि नोंद नाही, म्हणजे ते पुरुष सिद्ध होत नाहीत. आपण त्यांना बोलावून, ते येत नसल्याबद्दल त्यांच्या सह्या घ्यायला हव्या होत्या.

ताऊनो : आणि बोलावल्यावर आले असते तर?

लिंडरोस : तर गरज नाही, हे सिद्ध झालं असतं.

हिल्का : चला माझ्याबरोबर चर्चच्या मागे. दगडांवर नावं आहेत, सालं आहेत. साठीच्या आत गेलेल्यांची एक अख्खी रांग आहे.

लिंडरोस : स्मशानभूमी हा दुय्यम स्रोत समजला जातो.

ताऊनो : तू कधी गेला होतास रे डॉक्टरकडे?

लिंडरोस : मी? मला सवड... हा प्रश्न मूल्यमापकाला विचारता येत नाही.

ताऊनो : बरं, नाही विचारत.

हिल्का : साहेब, पाणी तरी देऊ का? चेहरा उतरलाय तुमचा.

लिंडरोस : तळ्याचं की नळाचं?

हिल्का : तळ्याचं. बर्फ फोडून काढलेलं.

लिंडरोस : तळं सार्वजनिक आहे. पण पेला आपला. नको. हे पाहा, मी काही पाषाणहृदयी मनुष्य नाही. प्रवासात मी तुमचा प्रस्ताव दोनदा वाचला. गरजेच्या निकषात मी संशयाचा लाभ देतो. किमान गुणांचा उंबरठा आपण ओलांडता. अगदी काठावर, पण ओलांडता.

हिल्का : म्हणजे... मंजूर?

लिंडरोस : गुण नोंदवून ओळख पटवली, की मंजूर. मात्र या संगणकावर नेटवर्क दिसत नाही.

ताऊनो : इथं कुठलं नेटवर्क! ते टेकडीवर. लोक लेकीसुनांना फोन करायला तिथंच चढतात.

लिंडरोस : ती टेकडी? त्या चढावर तर गुडघाभर बर्फ आहे.

ताऊनो : कमरेएवढं. मी संगणक घेऊन जाऊन येऊ का?

लिंडरोस : ओळख माझी मीच पटवायची असते. यंत्र परक्या हाती देणं निषिद्ध आहे. साडेतीन झाले. निघायला हवं. एक क्षण... एकदम उठलो म्हणून असेल. बसतो. एवढा श्वास घेऊन निघतो.

ताऊनो : हिल्का.

हिल्का : काय?

ताऊनो : एक सांगायचंय. याचं काम होऊन गेल्यावर सांगू, की आत्ता?

हिल्का : आत्ता.

ताऊनो : मी काय सांगणार, ते तुला माहितेय.

हिल्का : माहितेय. मघापासून बघतेय मी. मनाला समजावत होते, कोट जड असेल, थकवा असेल, चार वाजेपर्यंत निभेल. पण तुम्ही सांगा. नियम आहे.

ताऊनो : याने डावा हात सारखा चोळलाय. जबडासुद्धा. खोलीत हुडहुडी भरतेय आणि याच्या कपाळावर घाम बघ. माझंही तस्संच झालं होतं.

लिंडरोस : हा आरोप निराधार आहे. आणि मी आपल्या सॉनाचा सदस्य नाही, आपल्या बाकावर—

ताऊनो : बसलायस की. बाहेरच्या बाकावर. नियमात आतला बाक, बाहेरचा बाक असं काही लिहिलेलं नाही.

हिल्का : बाही वर करा.

लिंडरोस : थांबा! हात लावू नका! आपण ते यंत्र माझ्या दंडाला बांधलंत तर मी लाभार्थी होईन. माझे गुण जातील. आपली नेमणूक जाईल. आपल्याला कळतं आहे का मी काय म्हणतो आहे ते?

हिल्का : कळतंय. बाही.

लिंडरोस : मी टेकडीवर जाऊन येतो. मग आल्यावर आपण—

हिल्का : जाल तुम्ही. यायचे नाही.

लिंडरोस : पण मुदत चार वाजता—

हिल्का : साहेब, तुम्ही मघापासून माझ्या हिताचं बोलताय. आता जरा गप्प बसा. ताऊनो, त्यांचा कोट काढा. खुंटीवर टांगा. हं... अरे देवा. वरचा आकडा बघितलात? ही गोळी घ्या. गिळू नका, चावा.

लिंडरोस : ही गोळी... अर्जदाराची...

हिल्का : चावा म्हटलं ना! आर्मास! आत आर्मास आहात का? अंगावर काहीतरी चढवा आणि टेकडीवरून रुग्णवाहिका बोलवा. छातीचं आहे म्हणावं. पटकन!

आतला आवाज : हो.

लिंडरोस : ते... ते बोलले.

ताऊनो : बोलला.

लिंडरोस : याची नोंद... संवादवृद्धीच्या निर्देशांकात...

ताऊनो : गप रे आता. पाय वर घे. हे उशाला घे, माझा टॉवेल आहे. ओला आहे थोडा.

हिल्का : कळ कुठपर्यंत येतेय?

लिंडरोस : कोपरापर्यंत. आता थोडी कमी आहे. खोटं कशाला बोलू, कमी नाही. सकाळपासून आहे. गाडीतच सुरू झाली.

हिल्का : मग डब्यातल्या कुणाला सांगितलं का नाही?

लिंडरोस : कुणाला सांगणार? शेजारची जागा रिकामी होती.

ताऊनो : शेवटचा डॉक्टरकडे कधी गेलास, ते आता तरी सांग.

लिंडरोस : लष्करी सेवेत होतो तेव्हा. सक्तीचं होतं म्हणून. त्यानंतर कुठंच नोंद सापडणार नाही.

ताऊनो : नोंद नाही? मग तू सिद्धच होत नाहीस.

हिल्का : ताऊनो, हसवू नका त्यांना.

लिंडरोस : हसू द्या. योग्य बोलले ते. आपल्या प्रस्तावावर मी हाच शेरा लिहून ठेवला होता, गरजेच्या परिच्छेदाच्या तळाशी, कार्यालयीन भाषेत. वाचताना किती सुसंगत वाटत होता.

ताऊनो : आर्मास आला बघ. अंगरख्यात वर गेला होता, दाढीत बर्फ साचलंय. काय रे, मिळाली गाडी? मान हलवतोय. मिळाली.

हिल्का : दोन तासांत येईल. मी इथंच बसलेय. डोळे उघडे ठेवा.

ताऊनो : चार वाजले, हिल्का.

हिल्का : ऐकलं मी. आतल्यांना सांगा, एकेक करून बाहेर या, रांग लावा. आज गुरुवार आहे.

लिंडरोस : परिचारिकाबाई.

हिल्का : बोलू नका म्हटलं ना.

लिंडरोस : एकच. आता मी रीतसर अपात्र आहे. म्हणजे आतिथ्याचं कलमही मला बाधत नाही. ती कॉफी... अजून आहे?

हिल्का : आहे. पण आता मी देणार नाही.

लिंडरोस : आणि तो पाव?

हिल्का : पावही नाही. आधी इस्पितळ.

ताऊनो : मी बायकोला सांगतो, त्याने मागितला होता म्हणून. खूश होईल.

लिंडरोस : एप्रिलनंतर इथं कोण बसेल?

हिल्का : ते एप्रिलात बघू.

लिंडरोस : नाही, पण गुरुवारी? ही माणसं बाहेर येतील, एकमेकांचं सांगतील, आणि ऐकायला कुणी...

ताऊनो : ऐकायला आर्मास आहे. तेवढं त्याला जमतं. तू आधी बरा हो. मग ये एखाद्या गुरुवारी.

लिंडरोस : मी या गावचा नाही. आपल्या प्रस्तावातल्या वयाच्या अटीतही बसत नाही.

ताऊनो : बाक लांब आहे. टॉवेल तेवढा तुझा तू आण.