हात ठीक आहे

अध्यक्षस्थानी असलेल्या नगराध्यक्षा श्रीमती डोरीन स्टँगल, व्यासपीठावरील बाल बेसबॉल मंडळाचे प्रमुख श्री. ट्रेंट केसलर, मंडळातले माझे सहकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते कर्टिस हाउगेन, त्यांच्या पत्नी मार्लिस, आणि मागच्या टेबलावरच्या हॅम सँडविचकडे डोळे लावून बसलेल्या तमाम गावकऱ्यांनो,

मी लाइल ब्रँडव्होल्ड. कॉलेजात चार वर्षं कर्टिस पिचर आणि मी त्याचा कॅचर. तो चेंडू टाकणार, मी उकिडवा बसून झेलणार. ट्रेंटसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आणि गोड बोला असंही बजावलं. गोड ते सगळं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलंच आहे, तेव्हा मी उरलेलं बोलतो.

शेवटच्या वर्षीचा उपांत्य सामना. नऊ डावांतला आठवा, आम्ही एका धावेनं पुढे, आणि कर्टिसचे एकशे एकेचाळीस चेंडू टाकून झालेले. कोच मैदानात आले, मीही उठून गेलो. अशा वेळी पिचरला कुणी विचारत नाही. हात गळून पडला तरी तो 'टाकतो' म्हणणार. विचारतात कॅचरला, कारण चेंडूत जीव किती उरलाय ते त्याच्या तळहाताला कळतं. कोच म्हणाले, "लाइल, खरं सांग बाबा. हात कसा आहे याचा?"

मला माहीत नव्हतं का? दोन डावांपासून चेंडू माझ्या हातमोज्यात नुसते येऊन पडत होते. बाकावर त्यानं पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलला, तेही मी पाहिलं होतं. पण मला अंतिम सामना खेळायचा होता. मी म्हणालो, "हात ठीक आहे, कोच."

तिसऱ्या चेंडूला त्याचं कोपर गेलं. आवाज मला ऐकू आला. तो सामना आम्ही जिंकलो, अंतिमही जिंकलो, विजेत्यांना देतात ती अंगठी ही माझ्या बोटात आहे. कर्टिसला बघायला मोठ्या संघांची माणसं येत असत, ती पुन्हा आली नाहीत.

नंतर छत्तीस वर्षं त्यानं तुमची मुलं शिकवली. डाव्या मुठीत ते पत्र्याचं मोजणीयंत्र, दर चेंडूला एक टिक. सत्तर झाले की मुलगा बाहेर, मग सामना कुठल्याही टप्प्यावर असो. गेल्या जुलैत जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ट्रेंटसाहेबांचा मेसन फार सुंदर टाकत होता. सत्तराव्याला कर्टिस त्याच्यापाशी गेला. "पुरे, बेटा. दे चेंडू."

"कोच, दोनच आउट राहिलेत हो."

"ते दुसरा कुणी काढेल. कोपर तुला दुसरं मिळायचं नाही."

आपण हरलो. बाकड्यांवरून कर्टिसला कोण काय बोललं ते मला आठवतंय. त्यातली बरीच मंडळी आज पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत आहेत.

पत्रिकेत 'स्वेच्छानिवृत्ती' लिहिलंय. कोणाची इच्छा? ऑक्टोबरच्या बैठकीत मंडळानं कोच बदलायचं ठरवलं, तेव्हा ट्रेंटसाहेबांनी मला विचारलं, "लाइल, तुम्ही त्याचे जुने दोस्त. मनाला लावून घेईल का हो तो?" मी म्हणालो, "छे, तो ठीक आहे." माझा नातू या वर्षी संघात येणार होता. त्यानं सबंध सामना टाकावा, कुणी मध्येच चेंडू काढून घेऊ नये, अशी मला हौस होती. लाज वाटते, पण होती.

नवे कोच मार्चपासून आले. ते मोजत नाहीत. काल सामन्यावरून आल्यावर नातवानं दुधाचा पेला डाव्या हातानं उचलला. मी विचारलं, "हात कसा आहे रे?"

"ठीक आहे, आजोबा."

मंडळाचे, अध्यक्षांचे आणि सँडविच करणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर ते सभेनं पोटात घालावं. कर्टिसनं घालू नये.