थोरली अजून दारात

मेघा : नाही आई, मी नाही म्हणणार ‘लक्ष्मी आली’ असं. मामांना फोन लावा आणि सांगा, मुखवटे होते तिथं ठेवून द्या.

भागूबाई : आता कसं ठेवत्यात? नात झाली म्हणून अभयचा फोन आला आन तुझे सासरे सरळ ज्वारीच्या कोठीत उतरले. ह्या वयात! मला इचारलं बी नाय. मी इकडं यायला जीपमधी बसलेले. शेजारच्या गोजरबाईनं फोन करून सांगितलं, काकासाहेबांनी महालक्ष्म्या भायेर काढल्या म्हणून.

मेघा : म्हणजे आता साऱ्या पाचोडला कळलं असेल.

भागूबाई : गोजरबाईला कळलं म्हणल्यावर कुणाचं राहतंय?

मेघा : आई, माझी मुलगी खाली काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी आहे तिच्या. सकाळीच दोनदा मला व्हीलचेअरवर नेलं, आणि दोन्ही वेळा मी नुसते तिचे श्वास बघत बसले. एक घेतला की दुसरा येईपर्यंत माझा अडकतो. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन दिवस जाऊ द्या, मग बोलू. आणि तिकडं तुम्ही सण मांडायला निघालात.

भागूबाई : सण कुठं मांडायलेत? सोयर हाय घराला. पूजा नाय, निवद नाय, फुलोरा नाय. नुसत्या दारातनं आत घ्यायच्या. बाकीचं पुढल्या सालाला.

मेघा : आणि आजच का?

भागूबाई : आज का, तुला म्हाईत हाय.

मेघा : मला काहीच माहीत नाही! लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं मी. सगळ्या गल्लीत महालक्ष्म्या बसतात, आपल्याकडंच का नाही? तुम्ही म्हणालात, आपल्यात सण मोडलाय. आणि पोळ्या लाटायला लागलात. अभयला विचारलं, तर तो म्हणे आईला विचार.

भागूबाई : सणाच्या दिवशी घरातलं कुणी गेलं की त्यो सण मोडतो. मग त्याच दिवशी घरात लेकरू जलमलं, नायतर दावणीला गाय व्याली, तरच उघडतो. तवर नाय.

मेघा : आणि इतक्या वर्षांत एक गाय व्याली नाही?

भागूबाई : एकदा व्याली की. एक दिस आधी. तुझे मामा गोठ्यात बसून तिला म्हणायले, थांब गं माय, उद्याच्याला. गाय कुठं ऐकती? दुपारीच वासरू टाकून मोकळी. गडी दोन दिस जेवला नाय.

मेघा : मला हसवू नका, टाके दुखतात.

भागूबाई : हास. हसल्यानं दूध उतरतं.

मेघा : आई, ही दिवाळीनंतर यायची होती. माझी पिशवीसुद्धा भरलेली नव्हती. काल संध्याकाळपर्यंत मी ठणठणीत. अभय चितेगावला कंपनीत, रात्रपाळीला. पहाटे उठले तर अंथरूण ओलं. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा सांभाळून. तो म्हणाला, ताई, उस्मानपुऱ्यात सगळीकडं गणपतीचे मांडव आहेत, मी उडत जाऊ का? आणि मी त्याही वेळी मनात हाच हिशेब करत होते, की सातवा संपलाय, आठवा लागलाय, जगतात, आजकाल जगतात. मला हा दिवस कुठला आहे हे आठवलंसुद्धा नव्हतं.

भागूबाई : तिला आठवलं.

मेघा : असं नका ना बोलू.

भागूबाई : बरं. नाय बोलत.

मेघा : भीती वाटते मला. तुम्ही तिला लक्ष्मी म्हणाल, गाव लक्ष्मी म्हणेल. आणि लक्ष्म्या किती दिवस राहतात? आज येतात, उद्या जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. डॉक्टरही तीनच दिवस म्हणतात. मी बीएस्सी झालेय आई, मला कळतं हे दोन वेगळे तीन दिवस आहेत. पण खाली त्या काचेसमोर बसलं की नाही कळत.

(भागूबाई मेघाच्या पायावरचं पांघरूण नीट करते.)

मेघा : रागावलात?

भागूबाई : न्हाय गं. मी तुला म्हणायला लावायला आले, असं वाटलं व्हय तुला?

मेघा : मग कशाला आलात इतक्या घाईनं?

भागूबाई : म्हणू नको, हे सांगायला. फोनवर सांगता आलं नसतं.

मेघा : म्हणजे?

भागूबाई : आपल्यात रीत हाय. बाई मुखवटा घिऊन भायेर उभी राहती. आतून इचारत्यात, कोण आलं? ज्या सालाला घरात लेकरू झालंय, त्या सालाला त्या लेकराच्या मायनं जवाब द्यायचा. लक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी. मग या म्हणत्यात. सण मोडला त्या सालाला मी उभी होते. एका हातात थोरलीचा मुखवटा. दुसऱ्या हातावर माझी थोरली.

मेघा : तुमची थोरली?

भागूबाई : अभयच्या आधीची. हिच्यासारखीच घाईनं आलेली. तळहातावर मावायची. दवाखाना कुठं होता तवा? कापसात गुंडाळून चुलीच्या उबीला ठेवायचे. बोळ्यानं दूध. पण जगायली होती गं. चार दिस झाले, आठ झाले, सोयर फिटलं. सासू म्हणली, लक्ष्म्यांच्या पायगुणानं राहिली, तूच दारात उभी राहा. राहिले. लक्ष्मी आली म्हणलं. सोन्याच्या पावलांनी म्हणलं. उंबरा ओलांडला आन खाली बघितलं...

मेघा : आई.

भागूबाई : वारं लागलं असंल. भादव्याचं वारं. दार सताड उघडं. सगळ्या बाया मुखवट्याकडं बघायल्या. मी बी.

मेघा : आई, इकडं या. इथं बसा, माझ्याजवळ.

भागूबाई : बारसं व्हायचं होतं. नाव बी नव्हतं. तुझ्या मामांनी मुखवटे उचलले आन ज्वारीत पुरले, तोंडं खाली करून. पुन्हा त्याच्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाय. अभयला बी म्हाईत नाय.

मेघा : आणि तेच मामा आज स्वतः कोठीत उतरले.

भागूबाई : त्याच्यानंच माझं काळीज हाललं. जीपमधी ठरवून आले होते, मेघाला म्हणीन, गप राहा, नको उघडू ते दार. पण आधी खाली गेले. सिस्टरनं काचेतनं दाखवली. मी चपला काढल्या आन हात जोडले. सिस्टर हसली, म्हणली, आजी, देऊळ नाही हे. मी म्हणलं, तुला काय म्हाईत? आता मलाच कळंना बाई, काय खरं.

मेघा : तुम्हाला एक सांगू? अभयलाही नाही सांगितलं. तो घाबरेल.

भागूबाई : काय?

मेघा : दुपारी सिस्टरनी तिला पेटीतून काढून माझ्या छातीवर ठेवलं, उघडी, अंगाला अंग. म्हणाल्या, आईची ऊब लागली की श्वास नीट पडतो. सकाळपासून तिनं डोळे उघडले नव्हते. मी खाली बघायलाही भीत होते. आणि तिनं उघडले, आई. एकदम, दोन्ही. एवढुशा चेहऱ्यात एवढे डोळे. ती बाळासारखी बघत नव्हती. आपण कितीतरी दिवसांनी कुणाच्या घरी गेलो की दारातून बघतो ना, हेच का ते घर? तसं. मी सगळं विसरले. नळी, मशीन, श्वास मोजायचेसुद्धा. माझ्या तोंडून काय निघावं? या.

भागूबाई : या म्हणलीस?

मेघा : ‘ये’ नाही, ‘या’. पोटच्या पोरीला. सिस्टर म्हणाल्या, काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही.

भागूबाई : अगं माय.

(फोन वाजतो. मेघा स्पीकर लावते.)

काकासाहेब : हॅलो. ऐकू यायलं का? दिवस बुडायला आला. बाळ कसंय?

मेघा : आहे, मामा. मघाशी सिस्टर सांगून गेल्या, नळीतला ऑक्सिजन थोडा कमी केलाय.

काकासाहेब : बरं. भागू तिथंच हाय का?

भागूबाई : हाय.

काकासाहेब : चिंच लावून घासले दोन्ही. लई काळे पडले होते, पितळ हाय का माती कळंना. दुपारी थोरलीच्या डोळ्यातलं काळं निघालं आन माझा हातच थांबला. बघायली माझ्याकडं. राग नाय, काय नाय. नुसती बघायली.

मेघा : दुपारी?

काकासाहेब : व्हय, मघा दुपारी. का?

मेघा : काही नाही, मामा.

काकासाहेब : गोजरबाई भायेर उभी हाय मुखवट्यांची दोन्ही ताटं घिऊन. मी आत. दिवा लागायच्या आत घ्यायच्या, नायतर दार पुन्हा मिटलं. पण पोरी, जबरदस्ती नाय. तुझ्या मनाला नको वाटत आसंल तर नको म्हण. मी पुन्हा कोठीत उतरीन. ह्या बारीला तोंडं वर करून ठेवीन, एवढंच.

भागूबाई : मेघा, नाय म्हण. नायतर... मला इचारू नको. तू माय हायेस.

मेघा : मामा, विचारा तुम्ही.

काकासाहेब : इचारू?

मेघा : हो. पण मी जे म्हणेन ते ऐकून घ्यायचं. रीत मोडली म्हणायचं नाही.

काकासाहेब : आज धाकटीचा मान. तिच्यानं दार उघडायलंय, म्हणून धाकटी आधी. ...कोण आलं?

मेघा : तुमची नात आली.

काकासाहेब : कशाच्या पावलांनी आली?

मेघा : तिच्या स्वतःच्या. माझ्या बोटाच्या पेराएवढी आहेत, दुपारी धरून बघितली मी. गरम होती. सोन्याची नाहीत, मामा. ती पाहुणी नाही आली. राहायला आली.

भागूबाई : आवो, ऐकलं का?

काकासाहेब : ऐकलं. राहायला आली म्हणती. मग तिसऱ्या दिवशी मुखवटा हलवायचं कामच नाय. ...या बाई. आत या. गोजरबाई, उंबरा सांभाळ. ...आली गं, भागू. धाकटी आली आत.

मेघा : आई, रडू नका. बघा, झालं ना?

भागूबाई : मी कुठं रडायले?

काकासाहेब : भागू.

भागूबाई : आं?

काकासाहेब : थोरली अजून दारात हाय.

भागूबाई : मेघालाच इचारा की. तिनं जवाब दिलाय.

मेघा : नाही आई. धाकटीचा दिला मी. थोरलीचा मी कसा देऊ? तिची आई तुम्ही.

भागूबाई : मला नाय जमायचं ते. एकदा दिला मी जवाब.

मेघा : तेव्हा तुम्ही लक्ष्मी म्हणालात. कोण आलं होतं ते कुठं सांगितलंत?

काकासाहेब : गोजरबाईचा हात भरून आलाय, भागू. दिवस गेला बघ लिंबाच्या मागं. ...कोण आलं?

भागूबाई : आपली लेक आली.

काकासाहेब : ...व्हय. आपली लेक. ये, माय. ये घरात. ...आली. दोघी आल्या. आता म्होरं काय करू? मला काय आठवंना.

भागूबाई : काय करू नका. आवो, आधी ते दार लावून घ्या. वारं लागंल लेकरांना.